डेटा डेटा म्हणजे असतं तरी काय, आणि काही जणांना त्यात एवढी मजा का येते?

गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. घरातून ऑफिसला पोचायला मला नेमका किती वेळ लागतो ते मोजायचं ठरवलं, कारण घरात त्यावरून रोज वाद, मी म्हणायची पस्तीस मिनिटं आणि नवरा म्हणायचा पन्नास. फोनवर एक शीट उघडली, तीन कॉलम केले, तारीख, किती वाजता निघाले, किती वाजता पोचले, बस्स. दीड महिन्याने सरासरी काढली तर आली बावन्न मिनिटं. म्हणजे नवरा बरोबर! मला काही ते पचेना. मग शीट वरून खाली नीट बघत गेले तेव्हा दिसलं की कामाचे दिवस तीसेक झाले होते आणि नोंदी फक्त अठरा, आणि गाळलेले दिवस कुठले तर ज्या दिवशी सगळं सुरळीत झालं आणि मी वेळेत पोचून थेट कामाला लागले ते. उशीर झाला की मी चिडायची आणि चिडले की शीट आठवायची. माझ्या प्रवासाची म्हणून जी शीट मी मिरवत होते ती खरं तर माझ्या चिडचिडीची शीट होती.

हे सांगायचं कारण असं की हल्ली जिकडे जावं तिकडे डेटा ऐकू येतो. एआय डेटावर चालतं, कंपन्या डेटावर चालतात, मुलांनी डेटा सायन्स करावं म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हे काहीतरी इंजिनीअर लोकांचं बंद खोलीतलं काम असणार. पण डेटात रमणारी माणसं मी जवळून बघितली आहेत, आणि त्यांना आकड्यापेक्षा तो आकडा इथवर आला कसा याची चौकशी करायला जास्त आवडतं. भोचकपणाच म्हणा ना. हा भोचकपणा कुणालाही जमतो, म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

डेटा म्हणजे नोंदी. घरात कुणाला ताप आला की आपण कागदावर वेळ आणि ताप लिहून ठेवतो, तो कागद म्हणजे डेटा. डॉक्टर त्यावर नजर फिरवून म्हणतात की ताप रोज संध्याकाळीच चढतोय, हे झालं ॲनालिसिस. तोच कागद मोठ्या स्क्रीनवर रंगीत रेघांनी दाखवला की डॅशबोर्ड. आणि आधीच्या दहा आजारपणांच्या कागदांवरून 'हा उद्या उतरेल' असा अंदाज बांधायचा जो ठरलेला नियम, त्याला म्हणतात मॉडेल. झालं, या लेखापुरते एवढे शब्द पुरे.

एकच नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो. एका ओळीत एकच घटना आणि एका कॉलममध्ये एकच गोष्ट. तापाच्या कागदावर आपण लिहितो 'दुपारी १०१, गोळी दिली, जरा झोपला'. वाचायला छान आहे, पण उद्या तुम्हाला विचारायचं असेल की गोळी दिल्यावर ताप किती वेळात उतरतो, तर या वाक्यातून ते काढता येत नाही कारण १०१ गोळीच्या आधीचा की नंतरचा हेच कळत नाही. वेळ वेगळी, ताप वेगळा, गोळी दिली की नाही ते वेगळं. एवढं केलं की तोच कागद प्रश्नांना उत्तरं द्यायला लागतो. डेटाचं निम्मं शहाणपण या कॉलम पाडण्यात आहे असं माझं मत आहे, बाकीचे कोर्सेस वगैरे नंतर.

मग यात मजा कसली?

मजा कळायला लंडनला जावं लागेल, तेही १८५४ साली. ऑगस्टच्या शेवटी सोहो भागात कॉलरा असा पसरला की दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. तेव्हाचा सर्वमान्य समज होता की घाण हवेतून, दुर्गंधीतून रोग होतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरला बऱ्याच वर्षांपासून वाटत होतं की रोग पाण्यातून येतो, पण वाटण्याला कोण विचारतं! त्याने सरकारी नोंदींमधून मेलेल्यांची यादी मिळवली आणि पत्ते घेऊन दारोदार फिरला. बहुतेक सगळे मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाच्या आसपास.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त आवडतो, कारण पंपाजवळ राहणारे मेले यावरून पाणीच दोषी असं ठरत नाही ना, घाण हवासुद्धा तिथलीच होती. म्हणून स्नो न जुळणाऱ्या ओळींच्या मागे लागला. पंपाच्या शेजारीच एक बिअरचा कारखाना होता, तिथले सत्तरेक कामगार, कॉलऱ्याने एकही मेला नाही. का? तर त्यांना कारखान्याची बिअर मिळायची आणि आवारात स्वतःची विहीर होती, पंपावर कुणी जायचंच नाही. जवळच गरिबांसाठी एक आश्रमशाळेसारखी मोठी इमारत, चारी बाजूंना मृत्यूचं थैमान, पण आतल्या ५३५ जणांपैकी फक्त पाच गेले. तिथेही स्वतःची विहीर. आणि सगळ्यात भारी ओळ म्हणजे हॅम्पस्टेडला, तिथून कितीतरी मैल लांब, राहणारी एक विधवा बाई, आसपास कॉलऱ्याचं नाव नाही आणि ही मेली. स्नोने तिच्या मुलाला विचारलं तर कळलं की बाई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची, तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज गाडीवरून एक बाटली मागवायची. हवा लांबची, पाणी इथलं. आता बोला.

८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला. यावर एक टीप द्यायलाच हवी, दांडा काढल्यामुळे साथ थांबली असं छान वाटतं ऐकायला, पण तोवर बरीच वस्ती पळून गेली होती आणि साथ आधीच उतरणीला लागली होती, हे खुद्द स्नोनेच लिहून ठेवलंय. स्वतःच्या बाजूचा पुरावा स्वतःच तपासून कमी करणारा माणूस म्हणून मला तो त्याच्या प्रसिद्ध नकाशापेक्षाही मोठा वाटतो. मृत्यूंच्या खुणा मांडलेला तो नकाशा त्याने नंतर काढला, शोध आधी लागला होता, पायी फिरून.

पण रोजचं काम एवढं रोमांचक नसतंच की

नसतं, कबूल. रोजचं काम म्हणजे झाडूपोछा. शीटमध्ये एका विभागाचं नाव कुणी 'अकाउंट्स' लिहितं, कुणी 'अकौंट्स', कुणी 'लेखा विभाग', आणि कुणीतरी 'अकाउंट्स'च लिहितं पण पुढे एक स्पेस सोडतं जी डोळ्यांना दिसत नाही आणि कॉम्प्युटरला दिसते, की झाले तुमचे एका विभागाचे चार विभाग. मग रिकामा चौकोन. रिकामा म्हणजे शून्य की रिकामा म्हणजे लिहायचं राहिलं? विक्री शून्य झाली आणि विक्री किती झाली ते माहीत नाही या दोन गोष्टींत जमीन अस्मानाचा फरक आहे आणि शीटमध्ये दोन्ही सारख्याच दिसू शकतात.

एक्सेल तर स्वतःहून मदत करायला जातं आणि घोळ घालतं. त्याच्या पोटात तारीख म्हणजे फक्त एक आकडा असतो, १ जानेवारी २००० म्हणजे ३६५२६, वर दिसतं ते नुसतं कपडे घातलेलं रूप. त्यामुळे तारखेसारखं काही दिसलं की ते त्याची तारीख करून टाकतं. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च' आणि 'सेप्ट' अशा अक्षरांनी सुरू व्हायची, पुढे नंबर, आणि शास्त्रज्ञांनी ती शीटमध्ये टाकली की एक्सेल त्यांचं १ मार्च, २ सप्टेंबर करायचं. वर्षानुवर्षं हे चाललं, शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. तेव्हा सॉफ्टवेअर हटलं नाही, विज्ञान हटलं!

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही मात्र ही. त्याच २०२० सालात इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ पॉझिटिव्ह रुग्ण दिवसाच्या आकड्यांतून गायब झाले, कारण लॅबकडून आलेल्या याद्या जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ओतल्या जात होत्या आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. भांडं भरलं, बाकीचं सांडलं, आणि सांडलं हे कुणाला लगेच कळलं नाही. त्या माणसांच्या संपर्कात आलेल्यांना तेवढे दिवस कुणी फोनही केला नाही. म्हणून डेटावाले लोक कुठलीही फाइल हातात आली की पहिल्यांदा ओळी मोजतात. किती पाठवल्या होत्या, किती आल्या. एवढी साधी सवय.

सरासरी सांगा आणि मोकळे व्हा

सरासरी सोयीची आहे म्हणूनच तिच्यापासून जपून राहावं लागतं. दहा दिवसांपैकी नऊ दिवस तुम्ही अर्ध्या तासात पोचलात आणि एक दिवस रस्ता बंद म्हणून अडीच तास लागले, तर सरासरी येते बेचाळीस मिनिटं, आणि गंमत म्हणजे बेचाळीस मिनिटं तुम्हाला एकाही दिवशी लागली नाहीत. त्यापेक्षा सगळे दिवस छोट्यापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभे करून मधला बघा, तो येतो तीस. त्याला मध्यक म्हणतात. रोज किती वेळ हाताशी ठेवायचा हे मध्यक सांगतो, आणि महत्त्वाची मीटिंग असेल तर तो अडीच तासांचा एक दिवसच लक्षात ठेवायचा.

१९७३ साली फ्रान्सिस ॲन्सकोम नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने चार छोटे डेटासेट बनवले, प्रत्येकात अकरा अकरा जोड्या. चारही ठिकाणी एका कॉलमची सरासरी ९, दुसऱ्याची ७.५, दोघांमधलं नातं मोजणारा आकडासुद्धा सारखाच, ०.८१६. कागदावर जुळी भावंडं. आणि ठिपके मांडून चित्र काढलं तर एकात साधारण सरळ रेघ, एकात चक्क कमान, एकात सरळ रेघेतून फुटलेला एक ठिपका, आणि एकात सगळे ठिपके एकावर एक उभे नि एक कुठेतरी लांब. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात पण इथे आरसा लागतो, आधी चित्र काढा मग आकडा सांगा.

शितावरून भाताची परीक्षा, पण शित कुठलं उचललं?

आता माझ्या त्या गाळलेल्या दिवसांकडे परत येऊ, कारण डेटातली सगळ्यात फसवी गोष्ट ही शीटमध्ये नसलेलीच असते.

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड नावाचा गणितज्ञ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका गटात काम करत होता. प्रश्न असा, परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा आहेत, त्यावरून विमानाचा कुठला भाग नाजूक आहे ते कसं ठरवायचं? सहज मनात येतं की जिथे खुणा जास्त तिथे पत्रा जाड करा. वाल्डच्या गणिताचा पायाच उलटा होता, ही विमानं तर तिथे गोळ्या खाऊनही परत आली, जी आली नाहीत त्यांना कुठे लागलं असेल ते बघा. जिथे परतलेल्या विमानांवर खुणा कमी, तिथेच लागलेली विमानं घरी पोचत नाहीत.

आणि संख्या मोठी असली की हा दोष जातो असंही नाही. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने जवळजवळ एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या, आणि त्यांनी सांगितलं रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदीतून, त्या मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडे असणार? वर पुन्हा उत्तर पाठवायचे कष्ट घेणारे वेगळेच. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्याच्या मानाने मूठभर, पन्नासेक हजार लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. ऑनलाइन पोल, रिव्ह्यूचे स्टार, हे सगळं वाचताना मी आता मनात विचारते, न लिहिणाऱ्यांचं काय?

धंद्यात याचा नेमका उपयोग काय

धंद्यात लोक बहुतेक वेळा आधी कळस मग पाया करतात, म्हणजे डॅशबोर्ड आधी विकत घेतात आणि काय विचारायचं ते नंतर शोधतात. मी एक साधी चाळणी वापरते. उत्तर 'हो' आलं तर काय करणार आणि 'नाही' आलं तर काय करणार? दोन्ही वेळेला तेच करणार असाल तर मोजू नका, वेळ वाचेल.

मोजायचंच असेल तर तुलना सरळ हवी. समजा ग्राहकांना बिलाची आठवण करणारा मेसेज बदलायचाय, जुना रुक्ष आहे, नवा गोड. गेल्या महिन्यात जुना, या महिन्यात नवा, असं केलं तर काही कळत नाही, कारण या महिन्यात लोकांचे पगार लवकर झाले असतील. छत्र्या उघडल्या की ट्रॅफिक तुंबतं म्हणून छत्र्यांना कोण दोष देतं, पाऊस दोघांच्या मागे असतो. म्हणून एकाच वेळी, अक्षरशः नाणं उडवून, निम्म्यांना जुना आणि निम्म्यांना नवा पाठवायचा. याला ए-बी टेस्ट म्हणतात आणि यात नाणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, तुम्ही स्वतः निवड केलीत की नकळत चांगले ग्राहक आवडत्या मेसेजच्या वाट्याला जातात.

आमचा धंदा छोटा, आमच्याकडे लाखो ग्राहक नाहीत, हे नेहमी ऐकू येतं. तर थोड्या नोंदींवरून किती खात्रीने बोलावं याचं गणित एका धंद्यातूनच आलंय. डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा माणूस होता, त्याच्या हातात कायम मोजकेच नमुने असायचे, त्यातून त्याने पद्धत काढली आणि १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली कारण कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. आज जगभर कॉलेजात ती 'स्टुडंट्स टी-टेस्ट' म्हणून शिकवतात.

धंद्यातला मोठा खड्डा मात्र वेगळाच. मी एका ठिकाणी काम करायची तिथे तक्रार किती तासांत बंद होते यावर टीमचं मूल्यमापन सुरू झालं. दोन महिन्यांत ग्राफ असा खाली आला की साहेब खूश. आम्हाला आतून माहीत होतं काय चाललंय ते, चोवीस तास होत आले की तक्रार बंद करायची आणि त्याच ग्राहकाच्या नावाने नवीन नंबर टाकून उघडायची. ग्राहक बिचारा तसाच ताटकळत. एकाच माणसाच्या पाठोपाठच्या तक्रारी जोडून कुणी बघितल्या असत्या तर पाच मिनिटांत कळलं असतं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ सालीच अशा प्रकाराबद्दल लिहून ठेवलंय, माप हेच टार्गेट झालं की त्या मापाचा भरवसा जातो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना डॅशबोर्ड आवडतो तो यामुळेच.

मला गणित येत नाही हो

वर जेवढं आलं त्यात बेरीज, भागाकार आणि रांग लावणं यापलीकडे काय होतं? पुढे खोलात जायचं तर गणित लागतं, नाही असं नाही. पण स्नोने जे केलं त्यात चपला जास्त झिजल्या.

आणि अनुभवाला काही किंमत नाही का?

उलट अनुभव नसेल तर डेटावाला आंधळाच. त्या बाईच्या बाटलीचं मुलाने सांगितलं म्हणून कळलं. काउंटरवर दहा वर्षं बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय शीटमधला 'इतर' हा कॉलम कशाने भरतो ते तुम्हाला कधीच कळणार नाही. फक्त अनुभवाची एक खोड आहे, त्याला ठसठशीत दिवस आठवतात आणि साधे दिवस आठवत नाहीत, माझ्या शीटसारखंच.

एआयला टाकलं की झालं, आता कशाला शिकायचं

फॉर्म्युला लिहून घ्या, चार्ट काढून घ्या, मीही घेते, तासांचं काम मिनिटांत होतं. पण माझी अठरा ओळींची शीट त्याला दिली असती तर त्याने बावन्न मिनिटांचा सुंदर ग्राफ काढून दिला असता. दिवस गाळलेत हे फार तर तारखांवरून ओळखेल, का गाळलेत ते मलाच माहीत.

एक गोष्ट अजून, ग्राहकांची यादी उचलून कुठेही टाकू नका. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. लतान्या स्वीनी या संशोधिकेने १९९० च्या अमेरिकन जनगणनेवरून दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टी तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांना एकेकटं ओळखायला पुरतात. तुमच्या शीटमध्ये हे तीन कॉलम आहेत का बघा.

मग सुरुवात कुठून करू?

घरातल्या एखाद्या वादापासून, खरंच सांगते. विजेच्या मीटरचं रीडिंग, झोपेचे तास, पाण्याची टाकी किती दिवस पुरते, काहीही चालेल, फक्त ज्यावर दोन माणसांचं पटत नाही असं काहीतरी घ्या, म्हणजे कंटाळा येत नाही.

माझ्या वादाचं काय झालं ते राहिलंच. मी फोनवर अलार्म लावला, रोज साडेदहाला विचारायचा, किती वाजता पोचलीस? दुसऱ्या दीड महिन्यात एकही दिवस चुकला नाही, सरासरी आली एकोणचाळीस, मध्यक छत्तीस. मी जिंकले म्हणून शीट नवऱ्यापुढे धरली, तर त्याने ती शांतपणे बघितली आणि विचारलं, "निघाले म्हणजे कधी?"

मी म्हटलं गाडी सुरू केली की.

तो म्हणाला, "मी तू 'चल, निघते' म्हणतेस तेव्हापासून धरतो."

मध्ये चप्पल, किल्ल्या, विसरलेला चार्जर, लिफ्ट. आता शीटला चौथा कॉलम आहे, 'निघते म्हणाले', आणि तो नवरा भरतो.